शेजारणीच्या नावानं

साखरखेर्डा
१२ ऑगस्ट २००६

गुलनारले भामाचा नमस्कार.

तुह्यं पत्र ईदले येते अन् माह्यं संक्रांतीले जाते, हा आपला नेम. आज मधातच लिहून राह्यली म्हणून घाबरू नोको. घरी सगळे बरे आहेत. हरिओमनं यंदा सगळी पऱ्हाटी बीटी कापसाची लावली, गावातही दुसरं बियाणं कोणी लावत नाही. सून योगिनी चांगली आहे, जालन्याकडची, बारावी झालेली. मोबाईल हरिओमच्या खिशात असते, म्हणून फोनवर काही इचारता येत नाही.

काम असं आहे का, आमच्या शेजारी एक बाई आहे. माह्याच वयाची, सत्तेचाळीस धर. तिची पाळी तीन महिने आली नाही. मंग एकदम आली त दहा दिवस राह्यली. आता पुन्हा दोन महिने पत्ता नाही. बसल्या जागी तिच्या छातीपासून आग निघते, मानेवर, तोंडावर चढते, घामानं चोळी भिजते अन् मंग थंडी वाजते. झोप त राह्यलीच नाही. डोळा लागला का घामानं जाग येते. बोललेलं इसरते. बारीकसारीक गोष्टीवर डोकं फिरते अन् मंग एकटीच रडते.

तिले भेव वाटते का दिवस त नाही राह्यले. तिच्या घरात नवी सून आहे. सुनेच्या आंधी सासूलेच राह्यलं त गावात तोंड कसं दाखवाव?

ती मले म्हणे, तुह्यी मैत्रीण नर्सबाई आहे, तिले इचार. म्हणून इचारलं. बाईचं नाव लिहीत नाही, तिनं नाही म्हटलं आहे.

बद्रुद्दीन भावजीले नमस्कार सांग. त्यायचं शिलाईचं दुकान कसं चालू आहे?

तुह्यी
भामा


मेहकर
२१ ऑगस्ट २००६

भामा,

पत्र भेटलं. पोलिओचे डोस चालू आहेत, सकाळी निघते ते संध्याकाळी पाय सुजवून घरी येते, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुह्या शेजारणीले सांग, घाबरण्यासारखं काही नाही. पाळी जाण्याचे दिवस आले तिचे. तरी मनातला किडा काढाले सोबत पट्टी पाठवते, मेडिकलमधून आणलेली. सकाळच्या पह्यल्या लघवीचे दोन-तीन थेंब टाकाचे. एक रेघ आली त काही नाही, दोन आल्या त माह्याकडे घेऊन ये. कोणाले न सांगता कुठल्या गोळ्या घेऊ नोको म्हणा.

बाकीचं सहन कराव लागते. सगळ्याच बायांचं होते. वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जाईन. तिले म्हणा कामात मन घाल, डोकं थंड ठेव, अन् सुनेवर कावू नोको.

अजहरचं लग्न दिवाळीनंतर करू म्हणतो. पोरगी बुलढाण्याची आहे. तारीख ठरली का कळवीन.

गुलनार


साखरखेर्डा
९ सप्टेंबर २००६

गुलनार,

पट्टीवर एकच रेघ आली. तुह्ये उपकार झाले.

ती शेजारीण मीच आहे. तुले समजलं असन, नसन समजलं त आता समज. लहानपणी आपण एका पाटीवर लिहिलं, तुले खोटं लिहाव लागलं याची लाज वाटते. पण खरं लिहाचीही लाजच वाटत होती.

तू म्हटलं सहन कर. केलं. पण आता जे झालं ते तुले सांगतल्याशिवाय राहवत नाही, अन् दुसऱ्या कोणाले सांगता येत नाही.

आमच्याकडे खताची खोली आहे, मागच्या साली खाली सिमेंट केलं. घरात सगळ्यात थंड जागा तीच. पंधरा दिवस झाले, आंगाची लाही होत होती तवा मी तिथं जाऊन बसत होती. एका रात्री जमिनीवर आडवीच झाली. पदर बाजूले, गाल सिमेंटवर. गार वाटलं अन् कधी नाही तो डोळा लागला.

त्याच खोलीत फवाऱ्याच्या औषधाचे डबे असतात.

तुले माहीत नसन, आमच्या गल्लीतल्या शेषरावनं मागच्या दिवाळीच्या आंधी तेच औषध पेलं. तवापासून कोणाच्या घरात रात्री लाईट दिसला तरी लोक जाऊन दार वाजवतात. अन् हरिओमच्या बाबायले त मी डब्याच्या बाजूले पडलेली दिसली. हातात बॅटरी. त्यायनं काय केलं माहीत आहे? माह्यं तोंड हुंगलं. बॅटरी खाली टाकून दोन्ही हातांनी जबडा धरून हुंगलं.

मंग ते तिथंच बसले अन् म्हणे, "काय कमी पडलं तुले माह्या घरात?"

तवाच सांगाचं होतं. एक शब्दही निघाला नाही. काय सांगू, आंगाची आग होते म्हणून? बाई असं म्हणाली का लोक त्याचा कोणता अर्थ काढतात तुले माहीत आहे. अन् पाळीचं म्हणशीन त आजपर्यंत त्यायच्यासमोर मी तो शब्द उच्चारला नाही. चार दिवस बाजूले बसाची तेव्हा ते समजून घेत होते, एवढंच. मी खाली मान घालून बसली. त्यायले वाटलं, खरंच मराले गेली होती.

दुसऱ्या दिवशी डबे गायब. खोलीले कुलूप. हरिओम शेतातून दुपारीच घरी. योगिनी माह्या मागं मागं, संडासात गेली त बाहेर उभी. कोणी एक शब्द इचारत नाही, सगळे गोड बोलतात. गुलनार, मी त्यायले मरणाचं खोटं भेव घालून राह्यली अन् तोंड उघडत नाही.

आणखी एक आहे. परवा भाजीत मीठ कमी होतं म्हणून मी योगिनीच्या आंगावर ताट फेकलं. तिच्या कपाळाले लागलं, रक्त आलं. पोरीनं हूं का चूं केलं नाही. उलट तीच मले पाणी घेऊन आली.

तुह्यं पत्र योगिनीच आणून देते. फोडत नाही ती. तरी जपून लिही.

भामा


मेहकर
१८ सप्टेंबर २००६

भामा,

तू शेजारीण लिहिलं अन् मी शेजारीणच वाचलं. नर्स होऊन वीस वर्षं झाली मले. पत्रात आग, घाम, रडणं सगळं लिहिलं होतं अन् मी 'डोकं थंड ठेव' म्हणून मोकळी झाली. ते पत्र फाडून टाक.

आता नीट ऐक. बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. त्यातून रस निघतात, त्यालेच हार्मोन म्हणतात. पाळी त्यायच्यावरच चालते. पण ते फक्त पाळीचं काम करत नाहीत. झोप, मन, हाडं, आंगाची उष्णता, सगळीकडे त्यायचा हात असते. तुह्या-माह्या वयात बीजकोश थकतात. रस एका महिन्यात लय निघते, दुसऱ्या महिन्यात निघतच नाही. डोक्यात आंगाची उष्णता सांभाळणारी एक जागा आहे, तिचा मंग गोंधळ होते. बाहेर काही नसताना तिले वाटते उकडून राह्यलं, अन् ती घाम काढून आंग थंड कराले लागते. म्हणून ती आग. तीच झोपेत आली का जाग येते. अन् ज्या रसानं गाढ झोप लागते तोही कमी झालेला. महिनोन् महिने झोप नाही म्हटल्यावर कोणाचंही डोकं फिरन. तू वाईट झाली नाहीस, तुह्यी झोप गेली आहे.

संध्याकाळचा चहा बंद कर. सुती लुगडं नेस, जेवण लवकर कर, अंगणात खाट टाक. अन् एकदा मेहकरले ये, बाईडॉक्टर आहे, रक्त, बीपी, थायरॉईड पाहून घेऊ. झोप जाण्याचं दुसरंही कारण असू शकते.

पण पह्यले निवृत्ती भावजीले सांग. दोन शब्दांचं काम आहे. ताटाचं योगिनीले तूच बोल.

माह्यं म्हणशीन त मले काही त्रास झाला नाही, कधी गेली समजलंही नाही. मले आपली साखर झाली आहे, दोन-तीन वर्षं झाली, तेच सांभाळत बसते.

गुलनार


साखरखेर्डा
१३ नोव्हेंबर २००६

आदरणीय गुलनारमावशींना,

शिरसाष्टांग नमस्कार. मी सत्यभामाबाईंची सून योगिनी. आपली भेट माझ्या लग्नात झाली होती, तुम्ही मला हिरवी ओढणी दिली होती. तुमचा पत्ता आत्याबाईंना आलेल्या पाकिटावरून घेतला. पत्र वाचलेले नाही, हे शपथेवर सांगते. हे पत्र मी कोणालाही न सांगता लिहीत आहे.

आत्याबाईंनी सप्टेंबर महिन्यात औषध घेण्याचा प्रयत्न केला. मामंजींनी वेळेवर पाहिले म्हणून वाचल्या. तेव्हापासून आम्ही तिघे डोळ्यांत तेल घालून आहोत. मामंजी रोज रात्री उंबऱ्यावर बसून राहतात. आत्याबाई उठल्या की तेही उठतात. त्या अंगणात फिरल्या की हे दारात उभे. त्या म्हणतात झोपा, ते म्हणतात मला झोप येत नाही. असे दोन महिने चालले आहे. दिवसा पुन्हा शेत. वेचणीचे दिवस, माणूस मिळत नाही.

परवा शनिवारी मामंजी कापसाची गाडी घेऊन निघाले. गाडीवरच त्यांना डुलकी लागली आणि ते खाली पडले. चाक डोक्यापासून हातभर अंतरावरून गेले. डाव्या बाजूचे गळ्याचे हाड मोडले आहे. डॉक्टरांनी विचारले, झोप कमी होते का? तर म्हणाले, वय झालं.

आत्याबाईंनी तेव्हापासून अन्न सोडल्यासारखे केले आहे. त्यांच्याजवळ बसले की म्हणतात, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं. कशामुळे, ते सांगत नाहीत. घरात भांडण नाही. माझ्याशीही त्या चांगल्या वागतात. माझ्या कपाळावरची खूण पाहून कुणी तुम्हाला काही सांगितले असेल तर ते खरे नाही, मी दारावर आपटले होते.

मावशी, त्यांना तुमच्याशिवाय मैत्रीण नाही. त्यांना असे कोणते दुःख आहे की ज्याला मरणच औषध वाटावे? तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा. माझ्याकडून काही चूक झाली असेल तर तेही सांगा.

आपली
योगिनी


मेहकर
१७ नोव्हेंबर २००६

भामा,

भावजी गाडीवरून पडले हे मले समजलं. योगिनीनं कळवलं, तिच्यावर कावू नोको. तू मले अक्षर कळवलं नाहीस. दोन महिन्यांत तुह्यं पत्र आलं नाही तवा मले वाटलं, सांगतलं असन, सगळं बरं असन. मीही आपल्या सोयीचंच समजून बसली.

माणूस चाकाखाली जाता जाता राह्यला. तुह्या लाजेपाई. हे लिहिताना माह्या हाताले काही वाटत नाही असं समजू नोको, कारण आता जे लिहिते ते माह्यं आहे.

मले साखर नाही. कधीच नव्हती.

तीन वर्षांआंधी माह्यंही हेच सुरू झालं. उपकेंद्रात बाया बसलेल्या अन् माह्या तोंडावरून घामाच्या धारा. घरी रात्री चार-चार वेळा उठून तोंड धुत होती. बद्रुद्दीननं इचारलं, काय होते? भामा, मी गावोगाव बायायले आंगावरून जाण्याचं, बाळंतपणाचं, कुटुंबनियोजनाचं उघड सांगते, माणसायसमोर सांगते. अन् स्वतःच्या नवऱ्याले म्हटलं, साखर निघाली. साखर इज्जतीची बिमारी वाटली मले.

त्या दिवसापासून त्या माणसानं चहात साखर घेतली नाही. म्हणे, तू फिका पिशीन अन् मी गोड, असं होणार नाही. तीन रमजान झाले, ईदच्या दिवशी लोकायच्या घरी शीरखुर्म्याची वाटी समोर आली का तो हात जोडते, म्हणते मले चालत नाही. मी बाजूले बसून पाहते. तुले मागच्या पत्रात 'मले काही त्रास झाला नाही' लिहिलं तेही खोटंच.

काल रात्री त्याले सांगतलं. निवृत्ती भावजीचं हाड मोडलं हे समजल्यावर मले ते तोंडात धरून ठेवता आलं नाही. तो ऐकत राह्यला. मंग कपडा कापाची कैची उचलून दुकानात निघून गेला. आज दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी आला, चहा मांड म्हणे, अन् स्वतःच्या हातानं दोन चमचे साखर टाकली. पेताना म्हणे, "मले परका समजली तू." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं.

तर आता मी तुले उपदेश करत नाही. सांगते. मी रविवारी, तीन डिसेंबरले साखरखेर्ड्याले येते. तोपर्यंत तू भावजीले सांगतलं नसन त मी सांगीन. योगिनीले मी आज दोन ओळी लिहिल्या आहेत, का तुह्यी सासू मराले निघाली नव्हती, बाकी ती स्वतः सांगन. त्या पोरीनं तुह्यं ताटही लपवलं आहे. दारावर आपटली म्हणते.

गुलनार


साखरखेर्डा
२७ नोव्हेंबर २००६

गुलनार,

रविवारी ये. पण सांगाले येऊ नोको, मी सांगतलं.

तुह्यं पत्र वाचून चार दिवस तसेच गेले. शुक्रवारी वेचणीच्या बाया आल्या नाहीत, मी एकटीच वेचत होती. हे गळ्यात हात बांधून वावराच्या धुऱ्यावर बसले होते. माह्यावर नजर. मी कापूस वेचत वेचत त्यायच्याजवळ आली अन् त्यायच्याकडे न पाहता बोलली. म्हटलं, मी त्या रात्री मराले गेली नव्हती. माह्यी पाळी जाऊन राह्यली. त्याच्यानं आंग पेटते, झोप येत नाही. सिमेंट गार होतं म्हणून निजली होती.

बोलली अन् बोंडं तोडत राह्यली. कापूस निघत नव्हता, अख्खी बोंडंच हातात येत होती.

मले वाटलं आता हे उठतात अन् जातात. मंग म्हणे, "एवढंच होतं?"

हाव म्हटलं.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

मी म्हटलं, लाज वाटली. त्यायनं मान हलवली. माह्या मनात होतं का ते रागावतील, दोन महिने जागले, हाड मोडलं. पण ते रागावले नाहीत. त्यायच्या डोळ्यात पाणी आलं अन् ते माह्यासाठी नव्हतं.

म्हणे, "माह्या मायचं असंच होतं."

गुलनार, माह्यी सासू रुक्मिणीबाई तू पाह्यली नाहीस. माह्यं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती, हरिओम कडेवर होता. तवा ती पंचेचाळीस-सेहेचाळीसची असन. ती रात्री उठून घरभर फिरे. माघ महिन्याच्या थंडीत अंगणात जाऊन आंगावर पाणी ओते. कोणी बोललं का आंगावर धावे, मंग रडत बसे. गाव तिले येडी म्हणे. माह्या सासऱ्यानं तिले कुठं कुठं नेलं, धागे बांधले, धूर दिला. चार-पाच वर्षांनी ती आपोआप शांत झाली अन् सगळे म्हणाले, उतरलं. पण येडी हे नाव मरेपर्यंत गेलं नाही. हरिओमच्या वेळेस पोरी पाह्याले गेलो तवाही एका ठिकाणी इचारलं होतं, तुमच्या घरात आजी येडी होती म्हणतात.

हे धुऱ्यावर बसून सांगत होते. म्हणे, "बाबा तिले रात्री मांगच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत. ती आतून दार वाजवे. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. उठलो नाही."

मी म्हटलं, तुमचं वय काय होतं. ते म्हणे, "पंचवीस-सव्वीस. लहान नव्हतो."

आता तुले लिहिते ते त्यायलेही सांगतलं नाही. कडी माह्या सासऱ्यानं लावली नाही. ती मी लावत होती.

हरिओमचा जरा डोळा लागला का सासू बाहेर भांडे आपटे. मी दिवसभर निंदण करून आलेली. पह्यल्या रात्री मीच तिले हात धरून खोलीत नेलं अन् कडी घातली. सासरे पाहत होते, त्यायनं नाही म्हटलं नाही. मंग ते माह्यं कामच झालं, दिवा मालवाचा अन् कडी लावाची. कधी कधी ती दाराच्या आतून हळू आवाजात म्हणे, "सूनबाई, उकडून राह्यलं वं." मले ते ऐकू येत होतं. पांघरूण डोक्यावर घेऊन झोपत होती मी. मले झोप लय चांगली लागे तवा.

तू म्हणशीन, हिनं तोंड काऊन उघडलं नाही. मले ठाऊक होतं ना, असं होणाऱ्या बाईचं काय करतात ते. मीच केलं होतं.

योगिनीची माफी मागतली. पाया पडाले गेली त पोरगी मांग सरकली अन् रडली. तिले पाळीचं सांगतलं. कडीचं नाही सांगतलं.

भामा


मेहकर
१८ डिसेंबर २००६

भामा,

इथून दवाखाना करून तुम्ही दोघं सुखरूप घरी पोहचले हे अजहरच्या फोनवर समजलं. डॉक्टरीणबाईनं दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या रोज घे, तुह्यं रक्त लय कमी निघालं. बीपी अन् थायरॉईड ठीक आहे. हार्मोनच्या गोळ्या असतात, पण त्या प्रत्येकीले चालत नाहीत, तुले सध्या गरज नाही असं त्या म्हणाल्या ते बरोबर आहे. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवाचं. अन् हे ध्यानात ठेव, पाळी पुरी एक वर्ष बंद राह्यली अन् मंग कधी रक्त दिसलं, त एक दिवसही घरी बसू नोको.

तपासणीच्या खोलीत निवृत्ती भावजी आत येऊन बसले, हे पाहून डॉक्टरीणबाई मले नंतर म्हणाल्या, असा माणूस मी पह्यल्यांदा पाह्यला.

इकडे दर मंगळवारी लसीकरण असते. मागच्या मंगळवारी पोरायले टोचून झाल्यावर मी आयांसोबत आलेल्या सासवायले थांबवलं. म्हटलं, तुमच्यापैकी कोणाले रात्री घाम येते? सगळ्या खाली पाहत राह्यल्या. मंग मी म्हटलं, मले येते. अकरा जणी होत्या. त्यातल्या सात थांबल्या. त्यात दोघी त चुलतसासू अन् पुतणसून, एका घरात राहतात, अन् एकमेकीले माहीत नव्हतं. माह्या रजिस्टरमध्ये गरोदर बाईसाठी पानं आहेत, बाळासाठी आहेत, पाळी जाणाऱ्या बाईसाठी एक रकाना नाही. वीस वर्षांत मले ते खटकलं नाही याची शरम वाटते.

कडीचं तू इथं आल्यावर दोनदा काढलं अन् दोनदा मी काहीच बोलली नाही. मुद्दाम. तू बावीस वर्षांची होती, तुले काय समजत होतं, असं म्हणून मी तुले मोकळं करू शकते. पण तुले ऐकू येत होतं असं तूच लिहिलं आहेस. माफ कराचा हक्क मले नाही. ज्या गावानं तिले येडी म्हटलं त्या गावात तू राहतेस. मले सांगून भागणार नाही.

बद्रुद्दीन आता बोलते. थोडं कमी बोलते, पण बोलते.

गुलनार


साखरखेर्डा
१९ जानेवारी २००७

गुलनार,

झोपेचं म्हणशीन त पुरी नाही, पण चार घंटे लागते. आग कमी झाली नाही. पण आता आली का मी सांगते, आली म्हणून. योगिनी सूप घेऊन वारा घालते. हे हसतात. यायचं हाड जुळलं, हात खांद्याच्या वर जात नाही अजून.

यायले मी कडीचं सांगतलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. ते म्हणे, "मले माहीत होतं." तवाही माहीत होतं. सासऱ्यावर घातलं ते माह्यासाठी घातलं होतं का स्वतःसाठी, ते त्यायलेच ठाऊक. दोन दिवस आम्ही एकमेकाकडे पाह्यलं नाही.

मंग काल शेवटची वेचणी होती. सात बाया होत्या. दुपारी बांधावर भाकरी सोडल्या. त्यात सोजराबाई आहे, सत्तरीची असन, अजूनही पोरींच्या आंधी वेचणीची ओळ पुरी करते. ती अन् माह्यी सासू एका वयाच्या, आयुष्यभर एका वावरात खपलेल्या. कोणीतरी इचारलं, भामाबाई, तुमची तब्येत कशी आहे, गावात कायबाय बोलतात. मी हातातली भाकर खाली ठेवली. पाळी जाण्याचं सांगतलं. तू सांगतलं तसं, झोपेचं, रसाचं. पोरी पदर तोंडावर घेऊन हसल्या, दोघी-तिघी हसल्या नाहीत.

मंग म्हटलं, माह्यी सासू येडी नव्हती. तिलेही हेच होत होतं. तिले झोप येत नव्हती अन् उकडत होतं. तिले खोलीत कोंडून बाहेरून कडी मी लावत होती, माह्या हातानं, दोन वर्षं. ती आतून सांगत होती अन् मले ऐकू येत होतं.

एक पोरगी उठून पाण्याकडे गेली. सुनेच्या वयाच्या दोघी माह्याकडे अशा पाहत होत्या जसं पहिल्यांदा पाहून राह्यल्या. पाहू दिलं.

सोजराबाईनं भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. ती आपली समोर पऱ्हाटीकडे पाहत बसली. मले वाटलं तिले ऐकू कमी येते, समजलं नसन. वेचाले उठलो तवा ती उठली नाही. मी परत गेली, म्हटलं, बाई, बरं वाटत नाही का?

ती म्हणे, "रुक्मीनं मले इचारलं होतं. याच वावरात. म्हणे, सोजरे, तुह्याही आंगाची अशी आग होते का वं?"

मी तिच्याजवळ बसली.

"मी नाही म्हटलं," सोजराबाई म्हणे. "होत होती. रोज होत होती. पण मी नाही म्हटलं."

भामा